दावीदमिस्त्री आणि ठरावातला शब्द

दावीद,

शुक्रवारी तुला मातीत ठेवायची वेळ झाली आणि तुमची बेने इस्रायलांची माणसं मोजली तर नऊच भरली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस, पण त्याचा अर्थ त्या दिवशी उन्हात उभं राहून कळला. दहावा पेणहून यायचा होता आणि त्याची एस.टी. वाटेत बंद पडली होती. दिवस मावळला की तुमचा शनिवारचा पवित्र दिवस, शब्बाथ, लागणार, मग काहीच करता येणार नाही. त्यामुळे रिबकावहिनींचा भाऊ एकदा रस्त्याकडे बघे, एकदा घड्याळाकडे. मी तिथेच होतो. धडधाकट, टोपी घालून, तुझ्यापासून चार हातांवर. पण माझी मोजदाद होणार नव्हती. त्यांचं काही चुकलं नाही, नियम तो नियम. तू उठून बसला असतास तर मात्र म्हणाला असतास, "अरे, या पंडिताला निम्मा तरी धरा!"

शेवटी तो माणूस धापा टाकत आला. प्रार्थना झाली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. मराठीचा मास्तर म्हणून तीस वर्षं शब्दांवर पोट भरलेला मी, तुला निरोप देताना शब्दावाचून उभा होतो. ते योग्यच झालं म्हणायचं.

आता आडवळणं पुरेत. गाडीतळाची धर्मशाळा पाडली गेली ती ठरावातल्या एका शब्दामुळे. तो शब्द कुणी घातला, असं तू भर सभेत विचारलं होतंस आणि तुला उत्तर मिळालं नव्हतं. तो मी घातला. त्यानंतर दोन वर्षं तू रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसत होतास, आणि दोन वर्षं मी तुला हे सांगितलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. गुरुवारी दुपारी वहिनींचा निरोप आला तेव्हा चप्पल पायात सरकवताना माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? तू गेलास हा नाही. आता सांगायचं राहिलं, हा. इतका मी स्वतःपुरता माणूस आहे.

घाटरस्त्याच्या कामावर छाती बिघडवून घेऊन तू लवकर पेन्शनीत आलास, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या की आता ह्यांनी नुसतं खुर्चीत बसावं. तू तिसऱ्या दिवशी चांभाराकडून एक दाभण आणलंस आणि मला दंडाला धरून धर्मशाळेत नेलंस. मला वाटलं, छातीबरोबर तुझं डोकंही फिरलं. तू एकेका खांबाच्या बुडाशी उकिडवा बसायचास, दाभण टोचायचास, आणि कान देऊन ऐकल्यासारखा थांबायचास. "हे बघ पंडित, घुसलं तर कुजका. अडलं तर जिवंत." मी म्हटलं, लाकूड कधी जिवंत असतं का? तू म्हणालास, "तुझ्या व्याकरणात नसेल."

छत्तीस खांब होते. चार कुजके निघाले, तेही फक्त बुडाशी, जिथे बैलांचं मूत आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं होतं. बाकी बत्तीसांना दाभणाचं टोक लागेना. तू पांढऱ्या तेलरंगानं प्रत्येक खांबावर आकडा टाकलास आणि घरी जाऊन तावांवर ताव काढलेस, कुठला वासा कुठे, कुठली तुळई कुठे. मी ते कागद बघून वाहवा केली. मला त्यातलं काडीचं कळलं नव्हतं.

ज्यांनी ती धर्मशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो, तू जांभई दे हवं तर. घाटावरून येणारे गाडीवान तिथे बैल सोडायचे आणि बंदरावर मचव्यात माल चढेपर्यंत तिच्या ओट्यावर आडवे व्हायचे. युद्धाच्या दिवसांत तिथे धान्याचं रेशन मिळे, रांग थेट तळ्यापर्यंत जाई. मिठागरावरच्या आगऱ्यांच्या सभा तिथे होत, मोहल्ल्यातल्या लग्नांची वऱ्हाडं तिथे उतरत. ती कुणा एकाची नव्हती. आगऱ्यांनी मिठावर पट्टी काढली, तुमच्या शनवारतेल्यांनी घाण्यावर काढली, मुसलमान व्यापाऱ्यांनी लाकूड आणलं, आणि आमच्या आळीनं मुहूर्त काढून दिला. "सगळ्यात स्वस्तातला वाटा तुमचा," असं तू मला हजारदा ऐकवलंस. मी चिडायचो, कारण ते खरं होतं.

तुझी योजना म्हणजे काय होती? लोकांना वाटे, मिस्त्री काहीतरी मोठं नकाशाबिकाशाचं घेऊन आलाय. तू पंचमंडळींसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, गावातल्या सगळ्यांच्या मिळून ज्या इमारती आहेत, त्यांतून दर वैशाखात एकदा दाभण घेऊन फिरा. जे घुसेल तेवढं बदला. कौलं चाळा. बस. पंच एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यासाठी सभा बोलावली? भातगिरणीवाले अण्णासाहेब, आपले अध्यक्ष, हसून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही गावाला चांभार समजलात काय?" तेव्हापासून तुझं नाव दाभणवाला पडलं. तुला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं. माझा मित्र हास्यास्पद ठरतोय म्हणून वाटलं, आणि मीच त्या मंडळाचा चिटणीस होतो म्हणूनही.

आपण भांडलो मात्र खूप. मी म्हणायचो, दावीद, गाडीवान उरलेत किती? ट्रक थांबत नाहीत रे धर्मशाळेत. लोकांना मोरी हवी, नळ हवा, दिवे हवेत. तू म्हणायचास, मग मोरी बांध, नळ घे, कोण नको म्हणतंय? त्यासाठी सागवानाला फाशी कशाला द्यायची? मी म्हणायचो, तू जुन्याची पूजा करतोस. त्यावर तू एकदा खरंच भडकला होतास. "पूजा तुम्ही करता आणि मग तोडता! मी पूजा करत नाही. कुणीतरी आधी डोकं चालवून नीट केलंय, ते परत करण्याचा खर्च वाचवतोय. मी मिस्त्री आहे, भटजी नाही." त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. तुझं बरोबर होतं असं मी आज म्हणतो, पण आज म्हणायला काय जातंय.

आणि शब्दांवरून तर रोजच. तुमच्या प्रार्थनेच्या घराला तुम्ही मशीदच म्हणता, यावर मी एकदा तुला व्याख्यान दिलं होतं की हा शब्द मुळात कुठला आणि तुम्ही तो वापरणं कसं अशास्त्रीय आहे. तू शांतपणे ऐकलंस. मग म्हणालास, "आम्ही मशीद म्हणतो, मोहल्लाही मशीद म्हणतो. पोस्टमन आजवर एकदाही चुकला नाही. शब्दाचा अर्थ तुझ्या कोशात नसतो पंडित, गावात असतो." मी हसण्यावारी नेलं. मास्तर माणूस मिस्त्रीकडून भाषा शिकायला तयार नसतो.

तुला हेही आठवत असेल की माझ्या आजोळच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा मी तुला हौसेनं बघायला नेलं होतं. लाकडी सभामंडप गेला होता, त्याच्या जागी सिमिटाचे खांब, गुलाबी तेलरंग, खाली चकचकीत फरशी. कोरीव तुळयांचं काय केलं विचारलं, तर म्हणाले प्रसादाच्या चुलीत गेल्या. परतीच्या वाटेवर तू म्हणालास, "चांगला शब्द आहे रे तुमचा. मारायच्या आधी उद्धार म्हणतात." मी ते ऐकलं होतं, दावीद. या कानांनी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी पंचमंडळ शेवटी राजी झालं. तुझा पिच्छा आणि अण्णासाहेबांचा उत्साह, दोन्ही एकदम जुळून आले. सभेत तू मला सांगितलंस, "लिही. चार खांबांना बुडाशी जोड देणे. कुजलेले वासे बदलणे. कौलं चाळणे. चुन्याचा गिलावा. वर मथळा, दुरुस्ती." मी कच्च्या कागदावर तसंच लिहून घेतलं. तुला दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं. एस्तेर आणि जावई इस्रायलला चालले होते, बोटीवर त्यांना निरोप द्यायचा होता. त्यांनी तुम्हा दोघांचेही कागद करून ठेवले होते, हे गावाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तू लेकीला सांगितलं होतंस, धर्मशाळेचं छप्पर झालं की येतो. वहिनींनी तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं होतं की तुमच्या मित्राला तुम्ही तरी समजवा. मी समजावलं नाही. तू गेला असतास तर संध्याकाळी माझ्या ओट्यावर कोण आलं असतं?

तू गेल्यावर मी घरी ठराव पक्का करायला बसलो. सुवाच्य अक्षरात, नवा टाक घेऊन. आणि दुरुस्ती या शब्दापाशी माझा हात अडला. फार दरिद्री वाटला मला तो. छत्री दुरुस्ती, स्टोव्ह दुरुस्ती, तसली धर्मशाळा दुरुस्ती? गावाच्या इतक्या मोठ्या कामाला भारदस्त काहीतरी हवं. शिवाय दुरुस्तीला कोण वर्गणी देतो? मी तो शब्द खोडला आणि जीर्णोद्धार लिहिला. जीर्णाचा उद्धार, षष्ठी तत्पुरुष, निर्दोष शब्द. मग वाक्य थोडं लंगडं वाटलं म्हणून त्याच्या आधी संपूर्ण घातलं. निव्वळ नादासाठी, दावीद, दुसरं काही नाही. आणि ते चार खांब, वासे, गिलावा वगैरे काढून टाकलं, कारण तपशील ठरावाला शोभत नाहीत. खाली सही केली. मला आठवतंय, मी तो मोठ्यानं वाचून पाहिला आणि स्वतःवर खूश झालो. "गाडीतळ धर्मशाळेचा संपूर्ण जीर्णोद्धार करण्यात यावा." काय शहाणपणा सुचला! हात मोडला असता तर बरं झालं असतं.

अण्णासाहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा मास्तर! तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. नवं राज्य, नवी इमारत." मला तिथेच खटकायला हवं होतं. मला वाटलं, ते भाषेचं कौतुक करताहेत.

तिसऱ्या दिवशी धर्मशाळेची झाडलोट करणारी जनाबाई शाळेत आली. वर्गाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, कौलां उतरवतान."

मी म्हटलं, "जनाबाई, कौलं उतरवल्याशिवाय वासे कसे बदलणार? जा तू."

ती गेली. मी पोरांना समास शिकवत होतो. ते थांबवून पाच मिनिटं जाऊन यावं असं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि या वेळी दाराशी थांबली नाही, सरळ आत आली. "मास्तर, खांब उपटतान! तुमी बोल्लात दुरुस्ती हाय. ही कंची दुरुस्ती हाय?"

मी धावत गेलो. अर्धी इमारत गेली होती, पण अर्धी उभी होती, हे मला तुला सांगायचंय. सतरा-अठरा खांब उभे होते. अण्णासाहेबांनी आणलेल्या मुंबईच्या कंत्राटदाराच्या माणसानं खिशातून ठरावाची नक्कल काढली. "साहेब, संपूर्ण जीर्णोद्धार लिहिलाय ना? आम्ही देवळांची एवढी कामं केली, सगळीकडे असंच करतात." खाली माझी सही. मी त्याला एवढंच म्हणायचं होतं की थांब, हा शब्द माझा आहे आणि तो चुकला आहे. जिभेवर आलं होतं. पण तिथे माझे विद्यार्थी उभे होते, दुकानदार उभे होते, अण्णासाहेबांचा मुलगा उभा होता. मी म्हटलं, "अध्यक्षांशी बोलून बघतो." आणि अण्णासाहेबांकडे गेलो नाही. घरी गेलो. दोन दिवसांत उरलेले खांबही गेले.

तू मुंबईहून आलास ते पिशवी खांद्याला लावूनच तिथे उभा राहिलास. लेकीला सातासमुद्रापार पाठवून आलेला माणूस, आणि समोर मोकळं मैदान. तू ओरडला नाहीस. जनाबाई तुझ्याजवळ जाऊन म्हणाली, "मिस्त्री, आमाला कोन इचारतंय? कागद हाय बोल्ले." तू विचारलंस, कुठला कागद?

मग ती सभा. अण्णासाहेबांनी ठराव वाचून दाखवला. तू तो हातात घेऊन स्वतः वाचलास, ओठ हलवत, दोनदा. मग मान वर करून विचारलंस, "हा शब्द कुणी घातला?" खोलीत नऊ माणसं होती. तू एकेकाकडे बघत गेलास. माझ्यापाशी तुझी नजर थांबली की नाही ते मला सांगता येत नाही, कारण मी दौतीकडे बघत होतो. अण्णासाहेब म्हणाले, "कुणी म्हणजे? सभेनं घातला." तू म्हणालास, "सभेत मी होतो. सभेत दुरुस्ती म्हटलं होतं." कुणीतरी म्हणालं, अहो मिस्त्री, दोन्ही एकच की. तू कागद टेबलावर ठेवलास, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि बाहेर पडलास.

तू माझं अक्षर ओळखत नव्हतास का? शाळेपासून ओळखत होतास. पण चिटणीसाचं काम सभा सांगेल ते लिहिण्याचं, असं तू धरून चाललास. की तुला सगळं कळलं होतं? दोन वर्षं मी तुझ्या चेहऱ्यावर हेच शोधत बसलो आणि मला ते कधीच नक्की सापडलं नाही. आता तर तो शोधही संपला.

त्यानंतर एकदाच तू मला कुठेतरी चल म्हणालास. तुला कुणीतरी सांगितलं होतं की आपले खांब करंज्याच्या बंदरावर विकले गेलेत. एस.टी.नं उरण, तिथून पायी. तुला दर शंभर पावलांवर थांबावं लागत होतं, पण तू परत फिरायचं नाव घेईनास. बंदरावर लिलाव चालला होता, बायका ओरडत होत्या, सुक्या बोंबलाचा वास भरून राहिला होता. तू माशांकडे पाहिलंही नाहीस. मासळी सुकवायच्या एका मांडवापाशी गेलास आणि थांबलास. मांडवाला मधोमध एक जाड खांब दिला होता. त्यावर पांढऱ्या रंगात एकोणीसचा आकडा होता.

तू खिशातून दाभण काढलंस. अजून खिशात बाळगत होतास तू ते! बुडाशी बसलास, टोचलंस. एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली. "काय बगता बाबा? लाकूड मजबूत हाय. कंदी सरायचं नाय."

"माहीत आहे बाई," तू म्हणालास. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "जिवंत आहे, पंडित." आणि तू रडलास. मी तुला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तुझा थोरला गेला तेव्हाही नाही.

ती वेळ होती. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, माझी अब्रू जायला तिथे कुणी नव्हतं. तुझ्या शेजारी उकिडवं बसून चार शब्द बोलायचे होते. मी काय केलं? मी म्हटलं, "चल, शेवटची गाडी चुकेल." गाडीला अजून तासभर होता.

नंतर मी तुला दोनदा विचारलं, आता कशाला थांबलास, लेकीकडे जा की. तू म्हणालास, "आता तिथली थंडी या छातीला झेपायची नाही. जायचं तेव्हा गेलो असतो." यात तू मला काही बोलून दाखवलंस असं नाही. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मी जाणतो. पण तुला थांबवून ठेवलं त्या छपरानं, आणि ते छप्पर मी उतरवलं, म्हणजे तुझ्या हाती ना इथलं काही लागलं ना तिथलं. एस्तेरला तार गेली आहे. तिला माझं नाव चांगल्या अर्थानं ठाऊक आहे. काका म्हणते ती मला.

तू माझ्यासाठी काय केलंस ते मी कुठे लिहू? माझी सुशीला गेली त्या वर्षी मी चार महिने घराकडे बघितलं नाही. वैशाखात एका सकाळी डोक्यावर खडखडाट झाला, बघतो तर तू छपरावर. बिघडलेली छाती घेऊन माझी कौलं चाळत होतास. मी खालून शिव्या दिल्या. तू वरून म्हणालास, "तुझं रडणं चालू दे, पण ते घरात पावसानं भिजून नको." वहिनी शनिवारी चूल पेटवत नसत, पण शुक्रवारीच माझ्या वाटणीचं जेवण झाकून पाठवायच्या. अशा माणसाशी मी दोन वर्षं खोटं बोललो. न बोलणं हे खोटं नसतं असं मी स्वतःला समजावत होतो. मास्तरांना फरक काढायची सवयच असते.

काल, रविवारी, नव्या सभागृहात पंचमंडळाची शोकसभा झाली. तू त्यात कधी पाऊल टाकलं नव्हतंस. सिमिटाचं आहे, पंखे आहेत, बोललं की आवाज घुमतो. अण्णासाहेब बरेच बोलले. तुझ्याबद्दल चांगलंच बोलले, आणि मला वाटतं मनापासून. मग ते म्हणाले, ज्यांच्या तळमळीमुळे आणि चिकाटीमुळे गाडीतळावर ही नवी वास्तू उभी राहिली, त्या दावीदमिस्त्रींचं नाव या सभागृहाला द्यावं. टाळ्या पडणार होत्या, पण शोकसभा म्हणून लोकांनी माना डोलावल्या. चिटणीस म्हणून मी वही उघडून बसलो होतो.

मी उभा राहिलो. म्हटलं, "अण्णासाहेब, दावीदला ही वास्तू नको होती. त्याला चार खांबांची दुरुस्ती हवी होती. सभेत दुरुस्तीच ठरली होती. संपूर्ण जीर्णोद्धार हे शब्द मी घरी बसून घातले. त्याने विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. त्याचं नाव या भिंतीवर लावू नका."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. वहिनी मागे बायकांत बसल्या होत्या. मी वळून बघितलं नाही. वहिनींकडे बघण्याची माझी छाती झाली नाही, दावीद. अण्णासाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि फार मायेनं म्हणाले, "बसा मास्तर. मित्र गेलाय तुमचा, मन ठिकाणावर नाही. आम्ही समजतो." मग जरा वाकून, हळू आवाजात, "आणि हे काही इतिवृत्तात घेऊ नका. ठराव तेवढा लिहा."

मी बसलो. टाक माझ्याच हातात होता, वही माझीच होती, मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. मी टाक बुडवला, आणि सभागृहाला तुझं नाव देण्याचा ठराव सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्याखाली लिहिलं, एकमताने मंजूर.